मिदोरी इतो पाचवी का आली?

प्रश्न : ताई, माझी मुलगी रोलर स्केटिंग करते. वर्गात सगळ्यांत बुटकी. तिने मिदोरी इतो या जपानी स्केटरचा १९८८च्या कॅल्गरी ऑलिम्पिकचा व्हिडिओ शोधून काढलाय. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवताहेत आणि बाईंचा नंबर पाचवा! लेक दोन दिवस फणफणतेय. पंचांनी पक्षपात केला का? आणि एवढ्याशा उंचीची मुलगी एवढी उडी मारते तरी कशी?
– एक आई, सांगली

उत्तर : पक्षपात म्हणवत नाही. लेकीने पाहिला तो शेवटचा, फ्री स्केटिंगचा भाग. त्यात मिदोरी तिसरी होती. निकाल त्याआधीच बिघडला होता, तोही अशा फेरीत जी बघायला फारसं कुणी जात नसे.

त्या फेरीचं नाव कंपल्सरी फिगर्स. कोऱ्या बर्फावर, एका पायावर, ब्लेडच्या कडेने आठच्या आकड्यासारखी वर्तुळं काढायची आणि मग पाटीवर अक्षर गिरवावं तशी त्याच रेघेवरून पुन्हा न्यायची. संगीत नाही, उडी नाही. स्केटर बाजूला झाली की पंच वाकून वाकून रेघा बघणार : वर्तुळ गोल आलंय का, दुसरी रेघ पहिलीवर बसलीय का, कड बदलताना पाय डगमगला का. कॅल्गरीत याला ३० टक्के वजन होतं, शॉर्ट प्रोग्रॅमला (ठरावीक उड्या-गिरक्यांची छोटी फेरी) २० आणि फ्रीला ५०. मिदोरी फिगर्समध्ये दहावी. फ्रीमध्ये सात ट्रिपल (हवेत तीन फेऱ्यांच्या) उड्या मारल्या तरी तो खड्डा भरला नाही.

मी स्वतः जिल्हा पातळीवर जिम्नॅस्टिक्सला पंच म्हणून बसते, त्यामुळे फिगर्सना सरसकट नावं ठेवणार नाही. कडेवरची हुकमत तिथेच तयार होते. पण १९९०ची हॅलिफॅक्सची जागतिक स्पर्धा बघा. तोवर फिगर्सचं वजन २० टक्क्यांवर आणलं होतं. मिदोरी शॉर्टमध्ये पहिली, फ्रीमध्ये पहिली, फिगर्समध्ये पुन्हा दहावी. सुवर्ण गेलं अमेरिकेच्या जिल ट्रेनरीला. फिगर्स बाद करायचं आधीच ठरलं होतं. ही त्यांची शेवटची जागतिक स्पर्धा. एक वर्ष आधी बाद केल्या असत्या तर? असो.

आता उंचीचं. मिदोरी जेमतेम १४५ सेंटीमीटर. जन्म १९६९, नागोयाचा. लहान वयातच ती कोच माचिको यामादा यांच्या घरी राहायला गेली. ठेंगणं, आटोपशीर अंग हवेत पटकन फिरतं हे खरं, पण तिची खरी कमाई मांड्यांमधली ताकद. ती नुसती गरकन फिरत नसे, चांगली वर जायची. ट्रिपल ॲक्सल ही उडी पुढे तोंड करून घेतात, त्यामुळे तीन नाही, साडेतीन फेऱ्या माराव्या लागतात. स्पर्धेत ती मारणारी पहिली बाई हीच, १९८८मध्ये. पुढच्या वर्षी पॅरिसला ती जगज्जेती झाली. फिगर स्केटिंगमध्ये आशियातून पहिलीच.

लेकीला दाखवायचंच तर कॅल्गरीपेक्षा पुढचं दाखवा. १९९१, म्युनिकची जागतिक स्पर्धा : सरावात फ्रान्सच्या लेतिसिया ह्यूबेरशी टक्कर झाली. नंतर शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ती कठड्याच्या फार जवळ उडाली आणि टीव्ही कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या फटीतून थेट रिंकबाहेर गेली! क्षणात परत आत येऊन तिने कार्यक्रम पुढे चालू केला. चौथी आली. १९९२, आल्बेर्व्हिलचं ऑलिम्पिक : अख्ख्या जपानला सुवर्ण हवं होतं. शॉर्टमध्ये सुरक्षित म्हणून ॲक्सलऐवजी लुट्झ ही दुसरी उडी घेतली, तर त्यावरच पडली. फ्रीमध्ये पहिला ॲक्सलही फसला. दमलेल्या पायांनी, कार्यक्रम बराच पुढे सरकल्यावर, तिने तो पुन्हा मारला आणि नीट उतरली. ऑलिम्पिकमध्ये बाईने मारलेला तो पहिला ट्रिपल ॲक्सल. पदक रौप्य. माझ्या मते तिच्या सगळ्या सुवर्णांपेक्षा हा दुसरा प्रयत्न मोठा. १९९८ला नागानोत ऑलिम्पिकची ज्योत पेटवायचा मान तिला मिळाला, तो उगाच नाही.

आता तुमच्या लेकीचं. ती स्पीड (वेगाच्या शर्यती) करत असेल तर यातलं काही लागू नाही. आर्टिस्टिक (उड्या-गिरक्यांचं कलात्मक स्केटिंग) करत असेल तर रोलरमध्ये जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवरून फिगर्स शिकवतात. मुलांना कंटाळवाण्या वाटतात, क्लासमध्ये त्या पटकन उरकल्या जातात. कोचना विचारा, आठवड्यातून किती वेळ देतात. ॲक्सलचं विचारायची घाई नको.