हेलकावा कुशीचा की नाळेचा?

प्रश्न असा आहे: १८७५ साली इंग्लिश खाडीत धावलेल्या ‘बेसेमर’ या आगबोटीविषयी मराठीत लिहिताना रोलिंग (जहाजाचे डावी-उजवीकडे कलणे) आणि पिचिंग (पुढचे टोक वर-खाली होणे) या दोहोंना ‘हेलकावे’ म्हटले तर चालेल का?

एरवी चालून जाते. या बोटीच्या बाबतीत मात्र नाही, कारण तिचा सगळा खटाटोप दोहोंपैकी एकाच हेलकाव्याविरुद्ध होता. ‘हेलकावे न खाणारी बोट’ असे वर्णन सरळ चूक ठरेल. बोट हेलकावे खाणारच होती. तिच्या पोटातली एक खोली खाणार नव्हती, आणि तीसुद्धा एकाच दिशेने.

‘हेलकावा’ या शब्दात दिशा नाही. फांदी हेलकावते, पाळणा हेलकावतो, पाण्यातली घागरही. म्हणून काही जण ‘आडवा हेलकावा’ (रोलिंग) आणि ‘उभा हेलकावा’ (पिचिंग) सुचवतात. विणकामातल्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या हिशेबाने जोडी बरोबर आहे, पण समुद्राच्या संदर्भात ‘उभा’ वाचले की जहाज अख्खेच्या अख्खे वर उचलले गेल्याचे चित्र डोळ्यापुढे येते. ती तिसरीच हालचाल. तिला ‘उचल’ म्हणावे. माझी पसंती ‘कुशीचा हेलकावा’ आणि ‘नाळेचा हेलकावा’ या जोडीला आहे. पहिल्यात जहाज या कुशीवरून त्या कुशीवर होते. दुसऱ्यात नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वर जाते आणि खाली बुडते. फक्त लेखात पहिल्यांदा येईल तिथे ‘नाळ’चा अर्थ द्यावा, नाहीतर किनाऱ्यापासून दूरच्या वाचकाला बाळाची नाळ आठवेल.

आता बोटीकडे. पोलादवाल्या हेन्री बेसेमरला बोट फार लागायची. (‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग असताना ‘समुद्रविकार’ कशाला हवा?) त्यावर त्याने उपाय काढला तो लटकत्या दिवाणखान्याचा. इथे मूळ शब्द ‘सलून’ आहे, पण मराठीत तो तसाच ठेवला तर वाचक थेट न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसेल. हा दिवाणखाना ७० फूट लांब आणि ३० फूट रुंद होता. तो जहाजाच्या लांबीच्या दिशेने असलेल्या आसावर टेकवला होता, आणि पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रणा त्याला दोन्ही बाजूंना कलवू शकत होती. एक माणूस पाणसळीवर नजर ठेवून झडप फिरवणार. जहाज उजवीकडे कलले की दिवाणखाना जहाजाच्या मानाने तेवढाच डावीकडे, म्हणजे प्रत्यक्षात सपाट. अडचण उघड आहे: पाणसळीतला बुडबुडा सरकल्यावरच माणूस हात हलवणार, तोवर जहाज परत फिरायला लागलेले.

आस लांबीच्या दिशेने, म्हणजे हा इलाज फक्त कुशीच्या हेलकाव्यावर. नाळेच्या हेलकाव्याची जबाबदारी जहाजाचा आराखडा करणाऱ्या एडवर्ड रीडवर होती. त्याने लांबी ३५० फूट ठेवली आणि दोन्ही टोके पाण्यालगत बुटकी केली, म्हणजे लाट टोकाला उचलण्याऐवजी त्यावरून निघून जावी. पण वेग कमी झाला की हे लांबलचक धूड सुकाणूला दाद देईना. चाचणीच्या फेरीत ते फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या धक्क्याला लागून त्याचे वल्हेचाक (पाणी मागे लोटून बोट चालवणारे चाक) मोडले. ८ मे १८७५ च्या जाहीर फेरीत दिवाणखाना जाम करून ठेवला होता, आणि बोटीने पुन्हा त्याच धक्क्याचा काही भाग पाडला. बोट पुढे भंगारात गेली. दिवाणखाना रीडने आपल्या घरी नेऊन बिलियर्डची खोली केली.

‘कुशीचा’ आणि ‘नाळेचा’ ही शब्दांची जोडी कुठे निरुपयोगी ठरते तेही पाहावे. रशियाच्या अ‍ॅडमिरल पोपोव्हने काळ्या समुद्रासाठी बांधलेली ‘नोव्हगोरोद’ (१८७३) ही युद्धनौका चक्क वाटोळी होती, व्यास १०१ फूट. लांबी-रुंदी सारखीच, तेव्हा कुशीचा आणि नाळेचा हेलकावा हा भेद नावापुरताच उरतो. तिथे नुसते ‘हेलकावा’ लिहा. किंवा त्याहून नेमके, ‘हिसका’. एवढ्या रुंद आणि उथळ तळाचे जहाज कलते थोडे, साधारण ७-८ अंश, पण लगेच झटक्याने सरळ होते. हेलकाव्यात जो संथपणा आहे तो यात नाही. (अंशांत मोजतात तो ‘कल’, ‘८ अंशांचा हेलकावा’ म्हणताना तो एका बाजूचा की दोन्हींकडचा मिळून, हे कळत नाही.)

याच कल्पनेतून झारसाठी ग्लासगोजवळच्या गोव्हनमध्ये ‘लिवाडिया’ बांधली गेली: १८८० साल, लांबी २३५ फूट, रुंदी १५३ फूट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिस्केच्या उपसागरात तिला वादळाने गाठले. पोपोव्ह आणि रीड दोघेही जहाजावर होते. जहाज फारसे कललेच नाही, पण प्रत्येक लाटेवर सपाट तळ धाडकन पडत राहिला आणि पुढच्या बाजूचे पत्रे फाटून पाणी आत शिरले. शेवटी स्पेनमधल्या फेरोल बंदराचा आसरा घ्यावा लागला. या क्रियेला इंग्रजीत स्लॅमिंग म्हणतात, आणि मराठीत ‘आपटी’ हा अगदी चपखल शब्द तयार आहे. तेव्हा ‘लिवाडिया हेलकाव्यांनी फुटली’ असे कुठे वाचलेत तर ते दुरुस्त करा: ती फुटली आपटीने.