पॅनकेक चपटे आणि चिवट का होतात?

अगं, तू लिहिलंयस की पाकिटातल्या प्रिमिक्सचे पॅनकेक छान फुगतात पण घरी मैद्याचे केले की चपटे, चिवट आणि मधे कच्चे, आणि रेसिपी तर तीन बदलून झाल्या. माझ्या मते रेसिपीचा दोषच नाही, आपला हात धिरड्या-घावनाला बसलेला असतो ना, तो आडवा येतो. तिथे पीठ पातळ, गुठळी चालत नाही, तवा कडकडीत. इथे सगळं उलटं.

आधी प्रमाण घे. मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात १०० मिली दही, १२० मिली दूध, एक अंडं आणि ३० ग्रॅम वितळवून कोमट केलेलं बटर. अंडं नको असेल तर दूध दोन-तीन मोठे चमचे वाढव, थोडे कमी फुगतात पण होतात छान. सोडा घातलाय म्हणून दही पाहिजेच, आंबट काही नसेल तर सोडा नुसता पडून राहतो आणि साबणासारखी चव येते.

आता मुख्य गोष्ट. ओलं कोरड्यात ओतलं की चमच्याने दहा-बारा वेळा फिरवायचं आणि थांबायचं!! कोरडा मैदा दिसेनासा झाला की बास, गुठळ्या राहू देत. व्हिस्क किंवा मिक्सर तर नकोच, मैदा जेवढा घोटशील तेवढं ग्लुटेन तयार होतं, पोळीला ते हवं असतं पण इथे त्यानेच चिवटपणा येतो. मग दहा मिनिटं झाकून ठेव, गुठळ्या आपोआप मऊ पडतात. पीठ चमच्यातून धार धरून न पडता थबकन पडलं पाहिजे, तव्यावर आपोआप लांब पसरलं तर एखादा चमचा मैदा हलकेच मिसळ.

बेकिंग पावडर तपासलीस का? मुंबईच्या पावसाळ्यात डबा एकदा उघडला की हवेतला दमटपणा आत जातो आणि पावडर डब्यातच हळूहळू निकामी होते, तारीख शिल्लक असली तरी. गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून बघ, जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर फेक. मी १०० ग्रॅमचाच डबा आणते, मोठा स्वस्त पडतो पण अर्धा वाया जातो. इनो घालतात काहीजण, पण ते सगळं एकदमच फसफसून जातं, ढोकळ्याला ठीक आहे, इथे तिसऱ्या पॅनकेकपर्यंत जीव उरत नाही त्याच्यात.

तवा बिडाचा असेल तर उत्तम, मंद आचेवर पाचेक मिनिटं तापू दे. पातळ नॉनस्टिकवर बर्नरच्या आकाराचं काळं कडं उमटतं आणि मधे कच्चं राहतं, तुझं बहुतेक तेच होतंय. तेलाचं बोट फिरवून फडक्याने पुसून घे (तव्यावर बटर नको, ते लगेच करपतं, पिठात आहे तेवढं पुरे). आधी रुपयाएवढा एक टाकून बघ, अर्ध्या मिनिटात लाल झाला तर आच जास्त आहे, एका बाजूला साधारण दोन मिनिटं लागली पाहिजेत. पळीभर पीठ एकाच जागी ओत, पळीने गोल गोल पसरवू नकोस, हा सुद्धा घावनाचाच हात! वर बुडबुडे येतात, फुटतात आणि भोक लगेच भरून येतं, तोवर हात लावू नकोस. भोकं तशीच उघडी राहिली आणि कडेची चमक गेली की उलथ, एकदाच. उलथल्यावर दाबायचं नाही, दाबलंस की आतली हवा गेली.

कणकेचे करायचे तर निम्मी कणीक निम्मा मैदा कर, आपली चक्कीची कणीक पाणी जास्त पिते त्यामुळे दूध जरा वाढव. सगळं कणकेचं केलं तर ते गोड धिरडंच लागतं, चांगलं लागतं पण पॅनकेक म्हणू नये :)

उरलेलं पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नकोस, हे आंबोळीचं पीठ नव्हे, दही आणि सोड्याचं काम भिजवल्याबरोबर सुरू होतं. सगळे भाजून टाक, गार झाल्यावर मधे बटर पेपर घालून फ्रीजरला, सकाळी थेट तव्यावर झाकण ठेवून गरम कर.

सिरपचं विचारलंस, तर स्वस्त बाटल्यांवर नीट वाच, नुसतं पॅनकेक सिरप लिहिलं असेल तर तो बहुतेक वास घातलेला साखरेचा पाक असतो. खरं मेपल महाग असणारच, साधारण ४० लिटर रस आटवला की लिटरभर होतं. आमच्याकडे काकवी आणि वर लोण्याचा गोळा चालतो.