धुण्याचं पाणी पुन्हा काँक्रीटमध्ये चालतं का?

प्रश्न : चिंचोली एमआयडीसीजवळ आमचा रेडीमिक्सचा छोटा प्लांट आहे. चार ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट नेणारे फिरत्या ड्रमचे ट्रक) रोज संध्याकाळी धुतो आणि पाणी मागच्या खड्ड्यात सोडतो. उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावे लागतात. हे पाणी पुन्हा वापरता येईल का? काहीजण आधी ॲसिड टाका म्हणतात.

उत्तर : पाणी वापरता येईल. ॲसिड मात्र टाकू नका. बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की सिमेंटमुळे चढलेला पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) उतरतो, पण क्लोराइड वाढतं आणि सळई गंजते. काँक्रीटच्या पाण्याचा पीएच ६ च्या खाली नसावा, एवढंच आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. वरची मर्यादा नाही. सळईच्या कामासाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि तरंगता गाळ २००० मिलिग्रॅमच्या आत हवा. तुमची खरी अडचण गाळाची आहे.

गाळासाठी ओळीने तीन हौद बांधा. रोजचं पाणी तीन हजार लिटरच्या आसपास असेल, तर प्रत्येकी ३ बाय २ बाय दीड मीटर पुरे. पहिल्या हौदाला उतार ठेवा, म्हणजे लोडरचं बकेट आत जाईल. पाणी ज्या कोपऱ्यातून आत येतं, त्याच्या तिरक्या कोपऱ्यातून बाहेर काढा. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते: दोन्ही तोंडं समोरासमोर असतात, पाणी सरळ पळतं आणि गाळ बसतच नाही. पहिला हौद एक दिवसाआड उपसा. आठवडा गेला की सिमेंटचा गाळ दगड होतो, मग ब्रेकर लावा! पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपचं टोक) तळाशी टेकवू नका, तरंगत्या डब्याला बांधून वरच्या थरात ठेवा.

मुळात धुवायला पाणी कमी लावा. रिकाम्या ड्रममध्ये हौदातलंच दोनशे लिटर पाणी आणि दोन-तीनशे किलो २० एमएम खडी टाकून पाच मिनिटं वेगात फिरवा. पात्यांना चिकटलेला मसाला खडीच घासून काढते. पुढचा माल भरण्याआधी ड्रम उलटा फिरवून निथळू द्या. ६ घनमीटरच्या ड्रममध्ये ५० लिटर पाणी राहिलं, तर घनमीटरला आठ लिटर जास्तीचं झालं. कागदावरचं मिक्स डिझाइन, म्हणजे सिमेंट-पाणी-खडीचं ठरलेलं प्रमाण, गेलं.

सुरुवात निम्मं हौदाचं, निम्मं ताजं अशी करा. चाचणीच्या क्यूबची (काँक्रीटच्या ठोकळ्याची) २८ दिवसांची ताकद डिस्टिल्ड पाण्याच्या क्यूबच्या ९० टक्क्यांखाली जाऊ नये आणि सिमेंट बसण्याचा प्रारंभिक वेळ ३० मिनिटांहून जास्त मागेपुढे होऊ नये. एप्रिल-मेमध्ये असं अल्कली पाणी स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) लवकर खातं. तेव्हा पाणी नाही, ॲडमिक्श्चर (काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) वाढवा. बाष्पीभवनाने क्षार साठत जातात. तुमच्या बोअरलाच आधी क्षार असतील, तर दर महिन्याला क्लोराइड तपासा.

प्रश्न : अक्कलकोट रोडकडे खडी क्रशर आहे. धुळीवर पाणी मारलं की चाळण्या बुजतात. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी चालेल का?

उत्तर : चालेल, पण पाईपने ओतू नका. बारीक नोझल जॉच्या (दगड फोडणाऱ्या जबड्याच्या) तोंडाशी आणि माल एका बेल्टवरून दुसऱ्यावर पडतो तिथे लावा, चाळणीच्या अगदी आधी नको. खड्ड्यातला पंप गाळाच्या वर टांगा आणि नोझलच्या ओळीआधी गाळणी बसवा, नाहीतर चार दिवसांत भोकं बुजतील. हेच पाणी काँक्रीटला देण्याआधी मात्र तपासून घ्या.

क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धुण्याची सवय असेल, तर आधी चाळणी चाचणी करा. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं मानक क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालवतं. त्याआत असेल तर केवळ पुडीसाठी धुण्याची गरज नाही.

प्रश्न : स्लॅबवर आळी (बांध घालून केलेले पाण्याचे वाफे) करूनच पाणी द्यावं का? पाणी कमी आहे.

उत्तर : १०० चौरस मीटरवर अडीच सेंटिमीटर पाणी म्हणजे २५०० लिटर, आणि उन्हात ते रोज भरावं लागतं. त्याऐवजी ओलं गोणपाट अंथरून वरून प्लास्टिक ताणा आणि कडा वाळूने दाबा. गोणपाट वाळू देऊ नका. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओलं ठेवा.