वापरायचं भांडं शिल्प असू शकतं का?

तुम्ही विचारलंय की एखादी सिरॅमिक कलाकार चहाचे कपही विकते आणि प्रदर्शनात शिल्पंही मांडते, तर तिला कुंभार म्हणायचं, डिझायनर की शिल्पकार? मी गेली बारा वर्षं स्टोनवेअर, म्हणजे खूप तापमानाला भाजलेली टणक मातीची भांडी, करतेय. माझ्या अनुभवात चाकावर बसलं की या तीन गोष्टी वेगळ्या उरतच नाहीत.

हान्स कोपर या सिरॅमिक कलाकाराची भांडी बघा. हा 1920 साली जर्मनीत केम्निट्झला जन्मला आणि 1939 मध्ये नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आला. 1946 मध्ये लंडनला लूसी री नावाच्या सिरॅमिक कलाकाराच्या स्टुडिओत कामाला लागला तेव्हा त्याला मातीचा काहीच अनुभव नव्हता. री स्वतः व्हिएन्नाहून आलेली निर्वासित. पोटापाण्यासाठी ती फॅशनवाल्यांना सिरॅमिकची बटणं करून द्यायची. कोपरची सुरुवात त्या बटणांपासूनच झाली, मग दोघांनी मिळून कप-बशा, कॉफीचे सेट केले.

नंतरची त्याची भांडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ हलले नाही. चाकावर तो साधेच भाग काढायचा, वाटी, नळकांडं, थाळी, आणि ते दाबून, कापून एकमेकांना जोडायचा. वरचा रुंद आकार निमुळता होत खाली येतो आणि छोट्याशा बैठकीवर टेकतो. चकाकी कुठेच नाही, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) आणि काळपट रंग देणाऱ्या मँगनीजचे थर चढवून घासलेले. लांबून शिल्प वाटतं, पण आत पोकळी आहे, फुलं ठेवता येतात. 1962 साली खुल्या झालेल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलसाठी त्याने सहा भलेमोठे स्टँड केले, तेही मेणबत्त्या धरण्यासाठीच.

उपयोगामुळे आकाराला बंधन येतं, हे खरं. पण ते बंधन शिकवतंही. किटलीच्या तोटीचं टोक काठापेक्षा खाली गेलं, तर किटली भरताना पाणी तोटीतूनच सांडतं. तोटीची कड बोथट राहिली की चहा ओघळून खाली येतो. भट्टीतून निघेपर्यंत माती साधारण दहा-बारा टक्के आकसते, म्हणून झाकण किटलीवर ठेवूनच वाळवावं लागतं. माझी एक किटली दिसायला देखणी होती, पण चहा गळायचा. पुढच्या वेळी तोटी उंच घेतली, कड धारदार ठेवली, आणि तोल साधण्यासाठी कान मागे ओढावा लागला. आकार पहिल्यापेक्षा कितीतरी जिवंत झाला. गळणं थांबवायच्या खटपटीत मला ती रेषा सापडली, नुसतं कागदावर काढत बसले असते तर सापडली नसती.

म्हणून त्या कलाकाराचं प्रदर्शन बघायला जाल तेव्हा तिचा एखादा कपही विचारून हातात घ्या. कानात बोटं कशी बसतात, ओठ टेकतो तिथे काठ किती पातळ आहे, ते बघा. मग उलटा करून तळाचं कडं बघा. तिथे कुणाचं लक्ष जात नाही, पण चांगल्या हाताने तेही मन लावून कोरलेलं असतं.