पदवी झाली, पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये पदवीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, मजकूर थोडक्यात घेतला आहे.

बी.कॉम. 68 टक्क्यांनी झालो, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्सही केला. हिंगणघाटला चार जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांमध्ये) विचारून आलो. सगळे म्हणतात, अनुभव आहे का? कोणी कामावर घेतल्याशिवाय अनुभव येईल कुठून?
(ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

मुनीमजी अनुभव विचारतात तेव्हा त्यांना वर्षं मोजायची नसतात. ऐन हंगामात या पोराच्या हातून चूक झाली तर भुर्दंड किती बसेल, याची त्यांना काळजी असते. ती काळजी पहिल्या भेटीतच कमी करता येते, पण त्यासाठी कापसाचा हिशोब यायला हवा, आणि तो टॅलीच्या कोर्समध्ये सहसा शिकवत नाहीत.

समजा, जिनिंगने शेतकऱ्याकडून थेट 2 लाखांचा कापूस घेतला. शेतकऱ्याची जीएसटीत नोंदणी नसते. त्यामुळे 5 टक्के कर, म्हणजे 10,000 रुपये, खरेदी करणाऱ्या जिनिंगनेच भरायचा. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. शेतकरी बिल देत नाही, म्हणून जिनिंगने स्वतःच सेल्फ इन्व्हॉइस करायचं, तेही 30 दिवसांच्या आत. हे 10,000 रोख खात्यातूनच भरावे लागतात, क्रेडिट खात्यात (आधी भरलेल्या कराची वजावट) कितीही शिल्लक पडून असली तरी ती इथे चालत नाही. जीएसटीआर-3बी या मासिक विवरणपत्रात ही रक्कम 3.1(डी)मध्ये दाखवायची आणि भरलेल्या कराचं क्रेडिट तक्ता 4मध्ये घ्यायचं. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून आला तर त्याच्या बिलात कर लागलेलाच असतो, तिथे रिव्हर्स चार्ज लागत नाही. नवीन पोरं नेमकी इथे अडकतात. एकतर दोन्ही खरेद्या एकाच लेजरला टाकतात, नाहीतर सेल्फ इन्व्हॉइस विसरतात आणि क्रेडिट वादात सापडतं.

एका कोऱ्या टॅली कंपनीत एक काल्पनिक महिना उभा करा. दहा खरेद्या शेतकऱ्यांकडून, पाच व्यापाऱ्यांकडून, सरकी आणि गाठींची चार-पाच विक्रीबिलं. त्यावरून 3बीचे आकडे काढा, प्रिंट घ्या आणि ती फाईल घेऊन भेटायला जा. मासिक तारखा तोंडपाठ हव्यात: 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 14 ला 2बी (विक्रेत्यांच्या बिलांवरून पोर्टलवर दिसणारी क्रेडिटची यादी) तयार होतं, 15 ला पीएफ, 20 ला 3बी.

जिनिंगचा हंगाम साधारण दिवाळीपासून जोरात असतो. त्याआधी, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, कर सल्लागारांच्या ऑफिसात विवरणपत्रं आणि ऑडिटची धांदल असते आणि माणसं कमी पडतात. तिथे कमी पैशांत का होईना, चार महिने काढा. 2बी आणि खरेदी रजिस्टर ताडून पाहायचं काम मागून घ्या, कारण बिल नंबरातला एक शून्य कमी-जास्त झाला तरी क्रेडिट जुळत नाही, आणि अशा चुका शोधणारा माणूस मालकाला लगेच दिसतो. दिवाळीला जिनिंगमध्ये पुन्हा जाल तेव्हा त्याच ऑफिसातला कोणी तुमच्यासाठी शब्द टाकेल.

मुलगी बी.ए. झाली. एमपीएससीसाठी पुण्याला क्लास लावायचा म्हणते, दोन वर्षं लागतील म्हणे. पाच एकर कोरडवाहू वावर आहे. पाठवावं का?
(ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

पाठवायचंच नाही असं आम्ही म्हणणार नाही, पण पहिलं वर्ष पुण्यात घालवू नका. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी 10 लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत मुलगी कुठे उभी आहे हे कळण्याआधी खोली, मेस आणि क्लासची फी भरणं धोक्याचं आहे.

ते घरबसल्या कळतं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचे जुने पेपर आणि अंतिम उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिला पेपर 100 प्रश्नांचा, दुसरा 80 प्रश्नांचा, प्रत्येकी दोन तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव भाग कापतात. दुसऱ्या पेपरात 33 टक्के मिळाले की पुरे, मेरिट पहिल्या पेपरावर लागतं. राज्य मंडळाची पाचवी ते बारावीची पुस्तकं वाचून घ्यावीत आणि तालुक्याच्या अभ्यासिकेत घड्याळ लावून सहा महिन्यांत तीन जुने पेपर सोडवावेत. तिसऱ्या पेपरालाही गुण त्या वर्षीच्या कटऑफच्या जवळ येत नसतील, तर क्लासने ते अंतर भरून निघणार नाही. जवळ येत असतील तर खर्चाला अर्थ आहे. 2025पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. लिहिलेली उत्तरं तपासून घ्यायला जाणकार माणूस लागतो, आणि शहरातल्या क्लासचा खरा उपयोग तिथे होतो.

दुसरी गोष्ट वयाची. एमपीएससीला खुल्या गटात 38, मागास प्रवर्गात 43 वर्षांपर्यंत संधी असते. ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंट पदाला खुल्या गटात 28 वर्षांतच दार बंद होतं. म्हणून बँक आधी. पूर्वपरीक्षेत बुद्धिमत्तेचे 40 आणि अंकगणिताचे 40 प्रश्न 45 मिनिटांत सोडवायचे असतात. पेपर मराठीत देता येतो, आणि या पदाला मुलाखत नाही. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलींनी ही परीक्षा सोडूच नये.

आणि एक विनंती. 'दोन वर्षांत लागली नाही तर लग्न' अशी अट घालू नका. त्या धाकात पोरी दिसेल तो फॉर्म भरत सुटतात आणि एकाही परीक्षेचा अभ्यास नीट होत नाही.

बी.एस्सी. (रसायनशास्त्र) झाली. घरचे म्हणतात बी.एड. कर, शिक्षिका होशील. करू का?
(ता. वरुड, जि. अमरावती)

आधी हिशोब पाहा. ऑगस्ट 2023च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही पदविका लागते. सहावी ते आठवीला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) दुसरा पेपर हवा, 150 पैकी 90 गुण, राखीव गटाला सवलत. अकरावी-बारावीला एम.एस्सी.ही लागते. शासनाच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. ती 2017 नंतर थेट 2023ला आणि मग 2025ला झाली. म्हणजे बी.एड.ची दोन वर्षं धरून तुम्हाला किती थांबावं लागेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

शिकवण्याची खरोखर आवड असेल तर एम.एस्सी. करून मग बी.एड. करा, दार रुंद होतं. नुसती नोकरी हवी असेल तर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अन्नप्रक्रियेत गुणवत्ता तपासणीचं काम शोधा. तिथे टक्क्यांपेक्षा हात पाहतात: द्रावणाची नॉर्मॅलिटी (तीव्रता) काढता येते का, पीएच मीटर बफरवर लावता येतो का, वाचन लगेच वहीत लिहिता की आठवणीने. कॉलेजच्या जर्नलमध्ये वाचनं मित्राकडून उतरवली असतील तर सगळी टायट्रेशनं पुन्हा स्वतः करा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायतीत 11 महिने काम केलं. ते कायम करतील का?
(ता. लाखांदूर, जि. भंडारा)

नाही, योजनेत तशी तरतूद नाही. पदवीधराला महिना 10,000 विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढंच. प्रमाणपत्रावर केलेली कामं नेमकी लिहून घ्या. 'संगणकीय कामकाज' असं मोघम नको, कोणत्या नोंदी केल्या, कोणतं पोर्टल चालवलं ते हवं. पुढे कारखान्यात शिकाऊ म्हणून जाणार असाल तर करार राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदवून घ्या. 2019च्या नियमांनी पदवीधराला किमान 9,000 विद्यावेतन ठरवलं होतं आणि किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र देतं. पोर्टलवर करार नसेल तर नुसतं 'ट्रेनी' म्हणून राबाल आणि सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही.

बँकेची परीक्षा पास झाले, पण कागदपत्र पडताळणीत ओबीसीचा दाखला नाकारला. नॉनक्रीमी लेयर प्रमाणपत्र होतं.
(ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

ते बहुधा राज्याच्या नमुन्यातलं होतं. बँक, रेल्वे, स्टाफ सिलेक्शन यांना केंद्राच्या नमुन्यातलं आणि जाहिरातीत दिलेल्या मुदतीतलं लागतं. सेतूवर अर्ज करतानाच 'केंद्र शासनाच्या सेवेसाठी' असं सांगावं लागतं, नाहीतर राज्याचंच हातात पडतं. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी पाहा: भटक्या-विमुक्तांमधल्या बहुतेक जाती तिथे ओबीसीत येतात, एसईबीसी हा राज्याचा मराठा समाजासाठीचा प्रवर्ग मात्र तिथे नाही.

पुढच्या फॉर्मआधी आणखी दोन कागद तपासा. गुणपत्रिकेत श्रेणी असेल तर टक्क्यांत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून आणा. त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल लागताच अर्ज करा. आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, असं असेल तर दहावीच्या सनदेप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.