लिंक्डइनच्या ई-मेलमधून पैठणीच्या दुकानाला काय शिकता येईल?

तुमचं दुकान पैठणला आणि गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची, म्हणून लांबच्या गिऱ्हाइकांना मेल कसा लिहायचा, तेवढ्यापुरतंच सांगतो.

लिंक्डइन म्हणजे नोकरी-व्यवसायातल्या ओळखी जोडणारं संकेतस्थळ. त्यांच्या मेलमध्ये बातमी असते ती वाचणाऱ्याची स्वतःचीच: तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं, किती जणांनी शोधलं. २०१३ मध्ये २० कोटी सदस्य झाले, तेव्हा त्यांनी अनेकांना 'तुमचं प्रोफाइल सर्वाधिक पाहिलेल्या ५ टक्क्यांत आहे' असं कळवलं. लोकांनी तो मेल आपणहून मिरवला.

तुम्हीही 'दिवाळी ऑफर'ऐवजी लिहा, 'ताई, तुमच्या पैठणीच्या पदरावरचे मोर आज विणून झाले', आणि सोबत मागावरचा फोटो. एका विणकरासाठी मी हे केलंय. गिऱ्हाईक तो फोटो अख्ख्या घराला दाखवतं, खरंच.

लिंक्डइनची चूक मात्र करू नका. सदस्यांच्या नावानं त्यांच्या ओळखीच्यांना आमंत्रणाची स्मरणपत्रं पुन्हा पुन्हा गेली, खटला झाला, आणि २०१५ मध्ये १.३ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मैत्रिणींचे पत्ते हाती लागले तरी परस्पर मेल धाडायचा नाही. आधी विचारा. आणि मेल बंद करायची सोय प्रत्येक मेलखाली ठेवा, ठळक दिसेल अशी.