दिवाळीपर्यंत ठेवू का?

प्रश्न : आमचा कुत्रा चंप्या १३ वर्षांचा आहे. गावठीच, पण वावरातली जागल इतकी वर्षं त्याच्याच भरवशावर. दोन महिन्यांपासून पाणी फार पितो, लघवी फार करतो, तोंडाला घाण वास येतो. एक दिवस भाकर खातो, दोन दिवस तोंड लावत नाही. मागचे पाय लटपटतात. श्रावणात कमरेवरच्या जखमेत किडे पडले होते, ते डॉक्टरांनी काढले. यवतमाळला रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) ६.८ आलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या, सुई देऊन त्याला शांत करायचं का ते आता तुम्हीच ठरवा. त्याचं कण्हणं ऐकवेना म्हणून यांनी दोनदा आपली दुखण्याची गोळी अर्धी करून दिली. सासूबाई म्हणतात, "थो आपल्या मौतीनं जाईन, तू कायले पाप डोक्शावर घेतं?" शेजारचे म्हणतात, धरणापलीकडे सोडून या. मुलगा चाकणला कंपनीत आहे, चंप्या त्याच्याच मांडीवर वाढला. तो म्हणतो, दिवाळीला येतो, तोवर ठेव. दिवाळीला अजून पाच आठवडे आहेत. ठेवू का? आणि नंतर दुसरं पिल्लू आणलं तर चालेल का?

— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी ती गोळी बंद करा. आजच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. ज्याची किडनीच थकली आहे त्याला ती देणं म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणं. तुमच्या यजमानांवर रागवू नका. ३१ वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो, ही अर्धी गोळी मी शंभर घरांत पाहिली आहे आणि प्रत्येक घरात ती मायेनंच दिलेली होती. दुखण्यावर औषध लागेल, ते डॉक्टरांकडून घ्या.

आता तो आकडा. ६.८ वाईट आहे. ५ च्या वर गेलं की आम्ही शेवटचा टप्पा धरतो. पण रक्त काढलं त्याआधी त्याला सलाईन लावलं होतं का? अंगातलं पाणी आटलेलं असलं की हा आकडा फुगतो. दुसरं, गोचीड ताप. त्यानंही भूक मरते, किडनीला इजा होते, आणि तो वेळेवर डॉक्सीसायक्लिन दिलं तर बरा होऊ शकतो. आपल्याकडे कुत्रं दहा वर्षांचं झालं की त्याच्या प्रत्येक दुखण्याचं नाव म्हातारपण. दाढ किडली म्हणून खात नाही, म्हातारपण. कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला, तेही म्हातारपण. तेव्हा पाच-सहा दिवस कातडीखाली सलाईन द्यायला लावा (हे घरी देता येतं, डॉक्टर दाखवतील), गोचीड तापासाठी रक्त पाहायला सांगा आणि मग क्रिएटिनिन पुन्हा करा. आकडा तीन-चारपर्यंत उतरला आणि चंप्या आपणहून ताटलीशी आला, तर दिवाळीचं बोलू. हलला नाही, तर पुढचं वाचा.

अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी एक पद्धत बसवली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर ठेवायला हरकत नाही. पद्धत चांगली आहे. पण मी गावात ती वापरून पाहिली आणि माझ्या लक्षात आलं की घरधनी आपल्या कुत्र्याला कधीच नापास करत नाही. चार गुण कमी पडले तर आनंदात वाढवतो.

म्हणून मी सोपं करून घेतलं. स्वयंपाकघरात ज्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता, त्याच चौकटीत रोज रात्री चंप्याचं लिहा. फक्त तीन गोष्टी, आणि त्याच्या स्वतःच्या. आपणहून खाल्लं का? लघवीला उठून बाहेर गेला, की जागीच झाली? यजमानांच्या गाडीचा आवाज आला तेव्हा उठता आलं नाही तरी कान हलला का, शेपटीनं जमीन झाडली का? तिन्ही असतील तर फुली नाही. दोन गेल्या की फुली. ओळीनं तीन फुल्या पडल्या की दवाखान्यात फोन करायचा, चौथ्या दिवसाची वाट पाहायची नाही. हे तीन दिवस कुठल्या पुस्तकातले नाहीत, माझे आहेत.

आणि ही फुली सासूबाईंना मारू द्या. मी गंमत करत नाही. तुम्ही दिवसभर वावरात, यजमान बाहेर. ओसरीवर बाज टाकून त्याच्याजवळ कोण असतं? तो रात्री किती वेळा कण्हतो, कूस बदलायला किती वेळ झटतो, हे त्या माउलीला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्याशी पाप-पुण्यावर वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल. रात्र कशी गेली तेवढं विचारा. आपल्या मौतीनं जाणं त्यांनी माणसांचं पाहिलेलं असणार. किडनी गेलेल्या कुत्र्याची मौत कशी असते ते मी सांगतो : रक्तात घाण साचते, तोंडात फोड येतात, पाणी प्यावं तर उलटी, शेवटी झटके. त्याला दिवस लागतात.

मला हे चांगलं ठाऊक होतं, तरी मी चुकलो. आमच्या राणीच्या यकृतात गाठ होती. मुलगी बंगळुरूहून रविवारी येणार होती आणि बुधवारी राणीनं पाणी सोडलं. औषध माझ्या कपाटात, सुई लावणारा हात माझाच. मी चार दिवस काढले. शनिवारी रात्री ती घरातल्या प्रत्येक भिंतीला डोकं लावून उभी राहत होती, आणि मी तिला तिथून वळवून आणत होतो. मुलगी आली तेव्हा राणीनं तिला ओळखलं नाही. मुलीनं मला एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही कोणासाठी थांबलात?"

तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, दिवाळीची वाट पाहू नकोस. पुण्याहून रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसला की सकाळी यवतमाळ. एका शनिवारची रजा मिळते. चंप्याला त्याचा वास ओळखू येतोय तोवर येऊन जा म्हणावं. ज्या दिवशी सुई द्यायची त्या दिवशी तो नसला तरी चालेल.

धरणापलीकडे सोडण्याचा सल्ला देणाऱ्यांना एकच सांगा : उपाशी-तहानेनं हाल होतील असं जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. घरातल्या फवारणीच्या औषधाकडे तर कोणाला पाहूही देऊ नका.

प्रत्यक्ष काम घरीच करून घ्या, सकाळी, ओसरीवर, त्याच्या गोणपाटावर. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा : आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, असंच करणार ना? शुद्धीवरच्या जनावराला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट किंवा स्नायू लुळे पाडणारं औषध कोणी देत असेल तर नाही म्हणा. त्यात जीव आत जागा राहतो आणि गुदमरतो. नीट केलं तर शिरेत औषध गेल्यावर मिनिटभरात तो झोपतो, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. एखादा खोल श्वास येऊ शकतो, लघवी होते. हे आधी माहीत नसलं की घरची माणसं घाबरतात आणि वाटतं, परत आला. डोकं तुमच्या मांडीवर असू द्या, पाय डॉक्टरांचा मदतनीस धरेल.

खड्डा चार फूट तरी खोल हवा, विहिरीपासून लांब, धुऱ्याकडे. वर दगड आणि बाभळीच्या काट्या. भुलीचं औषध अंगात राहतं. कोल्ह्यानं किंवा दुसऱ्या कुत्र्यानं उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं. मेलेल्या ढोराच्या अंगातलं डायक्लोफिनॅक खाऊन गिधाडं मेली, म्हणून तर २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा. पराटीच्या काळ्या जमिनीत पाऊस पडला की त्या दिवशी कुदळ चालत नाही.

पिल्लाचं म्हणाल, तर आणा. रानडुकरं तुमच्या सुतकासाठी थांबणार नाहीत, जागलीला कुत्रं लागतंच. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, गोचिडांवर पहिल्यापासून लक्ष ठेवा. फक्त नाव चंप्या ठेवू नका. आम्ही दुसरीचंही राणीच ठेवलं होतं. मी हाक मारली की बायको अजून आधी त्या कोपऱ्याकडे बघते.